शिमग्याला ठेवलेलं माणूस

रविवार, ९ मार्च २०२५. जव्हार

आज उपासनेनंतर पंचांची सभा होती. लेंटच्या उपासकाळात आपल्या मंडळीने वेठबिगारांसाठी काहीतरी करावं, एवढंच मी मांडलं. दर वर्षी आपण या दिवसांत गोडधोड सोडतो, यंदा माणसं सोडवू या, असं म्हटलं. पाळकसाहेब मूग गिळून बसले. शेवटी गौतमराव म्हणाले, "नीताबाई, उपास-प्रार्थनेच्या दिवसांत कोर्टकचेऱ्या कशाला? आधीच लोक टपून बसलेत आपल्यावर. म्हणतील, मदतीच्या नावाखाली बाटवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कायदा होऊन पन्नास वर्षं होत आली, आणि घाट उतरला की प्रत्येक वीटभट्टीवर आपल्या पाड्यांवरची माणसं आगाऊ घेतलेल्या उचलीपायी अडकलेली. मी विचारलं, "गौतमराव, तुमच्या नव्या घराच्या विटा कुठून आल्या हो?" सभा तिथेच संपली. चहाला कुणी माझ्या शेजारी बसलं नाही. नाही तर नाही.

घरी आले तर धाकलीने सगळं आवरून ठेवलेलं. सासूबाईंना अंघोळ घालून, वेणी घालून उन्हात बसवलं होतं. ती नसती तर मला शाळेतून निवृत्तीनंतर हे वेठबिगार सोडवायचं काम करताच आलं नसतं, हे मी चारचौघांत सांगते. सासूबाईंना अंथरुणावरून उठवायला माणूस लागतं, आणि भलत्यासलत्या माणसाचा हात त्यांना चालत नाही. पोशीचं, म्हणजे धाकलीच्या आईचं, नाशिकला ऑपरेशन झालं तेव्हापासून धाकली माझ्याकडे आहे. खर्च मीच केला होता. पोशीच म्हणाली, "बाय, पोरीला ठेवा तुमच्याकडं." त्या खर्चाचा विषय मी चुकूनही काढत नाही, तिला उगाच ओझं नको. तिचा पगारही हातात न देता तिच्या नावाने बाजूला टाकते, लग्नात उपयोगी पडेल. पोरीच्या हातात पैसा दिसला की पाड्यावरचे दहा जण मागायला येतात. लेकीसारखी आहे ती मला.

रात्री ताट वाढताना विचारत होती, "बाय, शिमग्याला घरी जाव का?" मी म्हटलं, बघू.

बुधवार, १२ मार्च

संताप संताप होतोय.

दुपारी बाबल्या आला, धाकलीचा मेहुणा. एस.टी. स्टँडवरून थेट इथे, दोन्ही पोरं बरोबर, अंगावर विटांची लाल धूळ. त्याची बायको सुकी, म्हणजे धाकलीची बहीण, कुठे, असं विचारलं तर म्हणतो, "सुकीला ठेवून घेतली शेठनी. म्हनला, एक मानूस ठेवा नि जा. मंग सगळी परत याल." हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जणू भट्टीवर सायकल ठेवून आलाय.

शिमग्याला इथला माणूस कुठेही असो, घरी येणारच. भट्टीवाल्यांना ते माहीत असतं. गेलेली माणसं परतली नाहीत तर हंगाम बुडतो, म्हणून प्रत्येक कुटुंबातलं एक माणूस ते मागे ठेवून घेतात. कुणी म्हातारी, कुणी पोर, कुणी बायको. आणि लोकही ठेवतात! रेल्वेचा नियम पाळावा तसा पाळतात. बाबल्या आणि सुकी एकत्र राहून दोन पोरं झाल्यावर गेल्या वर्षी त्यांनी रीतसर लग्न लावलं. इकडे तसंच असतं, ऐपत होईल तेव्हा लगीन. त्या लग्नाला घेतलेली उचल अजून फिटतेय. म्हणजे लग्न लावायला बायकोला कामाला जुंपायचं आणि सणाला तिलाच गहाण टाकायचं. मी बाबल्याला वाटेल ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. धाकटं पोर तेवढं "आय, आय" करत होतं.

धाकली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाने भरलेले. डोळे घळाघळा वाहत होते. मी तिला म्हटलं, "रडू नकोस. तुझ्या बहिणीला मी सोडवून आणते, माझा शब्द आहे. फक्त यंदा तू शिमग्याला जाऊ नकोस. माझी धावपळ असणार, सासूबाईंकडे कोण बघणार?" ती म्हणाली, "हां बाय." समजूतदार आहे पोरगी.

खरं तर तिला जायचं होतं ते त्या लहान्या नावाच्या मुलासाठी, हे मला कळतं. तो बोईसरला कंपनीत आहे, शिमग्यालाच गावी येतो. लग्नाची एवढी घाई कशाला? आधी दहावी होऊ दे. दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म यंदाही राहिला, माझ्याच गडबडीत. पुढच्या वर्षी नक्की भरायचा.

शुक्रवार, १४ मार्च

काल होळी, आज धुळवड. कचेऱ्या बंद. पोलीस ठाण्यात गेले तर म्हणाले, हे महसूलचं काम. महसूलवाल्याला फोन लावला तर म्हणाला, मॅडम, सणासुदीचं काय हे, सोमवारी बघू. माणूस डांबून ठेवायला सुट्टी नसते, सोडवायला मात्र असते.

आमच्या संघटनेची योगिता म्हणाली, बाई, ब्लडप्रेशर सांभाळा. मला माझ्या ब्लडप्रेशरची नाही, सुकीची काळजी आहे. बाई एकटी पडलीय तिकडे, आणि सगळं गाव होळीभोवती नाचतंय. तिला कसं वाटत असेल याचा कुणी विचार करतं का?

आपल्याकडेही रात्रभर खालून ढोल ऐकू येत होता. सासूबाईंची झोप मोडली. धाकलीने आज सकाळपासून तीच भांडी दोनदा घासली. विचारलं तर म्हणे, "काळी व्हती."

सोमवार, १७ मार्च

भट्टीवर जाऊन आलो. मी, योगिता आणि अखेर बाहेर पडलेले एक नायब तहसीलदार. घाट उतरताना अजूनही पोरं दोरी आडवी धरून शिमग्याचे पैसे मागत होती.

शेठ माणूस असा गोड, की अंगाचा तिळपापड व्हावा. खुर्च्या मांडल्या, सरबत मागवलं. म्हणतो, "मॅडम, डांबून कशाला ठेवू? लेकीसारखी आहे. आजारी पडली तर दवाखाना आम्ही करतो, तिच्या पोरांना कपडे आम्ही घेतो. पैसे हातात देत नाही, कारण नवरा दारूत उडवील. शेवटी हिशोब करून देतो. तिलाच विचारा ना, काही त्रास आहे का?" एवढा निर्लज्जपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. लेकीसारखी म्हणे! लेकीला कुणी सणाला अडकवून ठेवतं?

सुकीला बोलावलं. वेठबिगार ओळखायचे चार प्रश्न मी स्वतः सोप्या भाषेत लिहून काढलेत, संघटनेत सगळे तेच वापरतात. मनात आलं तर काम सोडून जाता येतं का? दुसऱ्या कुणाकडे कामाला जाता येतं का? मजुरी तुझ्याच हातात मिळते का? आणि शेवटी, हे काम तू कशाच्या फेडीसाठी करतेस? नायब साहेबांनी एकेक विचारलं. सुकी पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "बरा आहे मना इथं."

नायब साहेबांनी पेन खिशाला लावलं. शेठने माझ्याकडे बघून हात जोडले.

मला सुकीचाच राग आला. अगं बोल की! आम्ही एवढ्या उन्हातान्हात कुणासाठी आलो? योगिता म्हणाली, "बाई, ज्याच्या दारात खायचं त्याच्याच समोर कोण बोलेल?" ते खरं. पण शिकलेली आपण माणसं, आपल्यासमोर तरी बोलावं.

परतीच्या वाटेवर योगिताला सुचलं. सुकीला परक्याने विचारून उपयोग नाही. धाकलीला घेऊन जाऊ.

बुधवार, १९ मार्च

सुटली! सुकी सुटली!

सकाळी सासूबाईंना शेजारच्या चंदाकडे सोपवताना नाकी नऊ आले. चंदा आढेवेढे घेत होती, एका दिवसासाठीसुद्धा. सासूबाई धाकलीचा पदर सोडेनात. शेवटी तिने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं तेव्हा सोडला.

या वेळी शेठला लांब उभं राहायला लावलं. धाकली आणि सुकी विटांच्या थप्पीमागे खाली बसल्या. धाकलीने त्यांच्या बोलीत विचारायला सुरुवात केली. मी जवळच होते. इतकी वर्षं जव्हारात काढली तरी त्यांचं आपसातलं बोलणं मला निम्मंच कळतं, आणि त्या भरभर बोलतात. पहिल्या प्रश्नाला सुकीने नुसती मान हलवली. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला बहिणीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. चौथ्याला रडायला लागली आणि मग धरण फुटल्यासारखी बोलली. आजारी असताना कामावर ओढलं ते, बाजाराला जायचं तर शेठणीची परवानगी, फोन काढून घेतलेला, सगळं. धाकली मराठीत सांगत गेली, नायब साहेब लिहीत गेले. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "धर्मांतरवाल्या बाया," असं ओरडला. मी म्हटलं, ओरड. त्या शिवीचाही मला आज हार वाटला.

शेवटी सुकीने डोळे पुसले आणि धाकलीला विचारलं, "आन तुजा काय?"

धाकली उठून उभी राहिली. मी विचारलं, काय म्हणते गं? तर म्हणाली, "काय नाय बाय. घरचं विचारती."

गाडीत दोघी बहिणी मागे हात धरून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, यापेक्षा मोठी प्रार्थना कुठली? जव्हारला धाकलीला उतरवून घेतलं आणि सुकीला त्यांच्या पाड्याच्या, वांगणीच्या वाटेला लावलं. सासूबाई भुकेल्या होत्या, चंदाने वेळेवर भरवलंच नव्हतं.

गुरुवार, ३ एप्रिल

सुकीच्या मुक्तीचा दाखला हातात आला. घेऊन वांगणीला गेले. रस्त्याने कंबर मोडली. पोशीच्या घरासमोर मोहाची फुलं वाळत घातलेली. पोशीने दाखला घेऊन कपाळाला लावला, मग मला परत दिला, तुमच्याकडेच ठेवा म्हणाली. मी तो सुकीच्या हातात कोंबला. म्हटलं, हे तुझं आहे. आता कुणाचा बाप तुला अडवू शकत नाही.

सुकीने विचारलं, "ह्यो एकीलाच चालं, का बहिनीलाबी चालं?"

मी हसले. म्हटलं, अगं, ज्याचं त्याचं नाव असतं त्यावर. कायद्याचं ज्ञान शून्य आहे या लोकांना. याच महिन्यात पाड्यावर वर्ग घ्यायला हवा.

रविवार, १३ एप्रिल. झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा

हसावं की रडावं. उपासना संपल्यावर गौतमराव स्वतः आले. "सलाम नीताबाई. पुनरुत्थानाच्या सणाला त्या बाईची साक्ष ठेवू या का? मंडळीला प्रेरणा मिळेल." महिन्यापूर्वी हात वर करणारा हा माणूस! पेपरात चार ओळी छापून आल्या आणि सगळ्यांना आमची आठवण झाली. असं सुनावणार होते की जन्मभर लक्षात राहील. पण सुकीचं बोलणं लोकांच्या कानावर पडणं जास्त महत्त्वाचं, म्हणून गिळलं.

प्रीतीभोजन माझ्याकडेच ठरलं. धाकलीला सांगितलं, साठएक माणसं धर. पाण्याचा टँकर एक दिवसाआड आहे, तेव्हा आतापासूनच पिंपं भरून ठेव.

रविवार, २० एप्रिल. पुनरुत्थानाचा सण, ईस्टर

लिहावं की नाही, दुपारपासून ठरत नव्हतं. पण इथे नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सुकी आणि पोशी पहिल्या गाडीने आल्या. सुकीला मी माझी निळी साडी नेसवली. चर्चमध्ये ती समोर उभी राहिली आणि हळू बोलली, पण बोलली. "शेठीण वाईट नवती. भाकर देत व्हती, लुगडा देत व्हती. मना पोरी म्हनत व्हती. पन उंबऱ्याभायेर पाय टाकायचा तं विचारायला लागं. आता नाय विचारीत." लोकांचे डोळे पाणावले. गौतमरावांनी मोठ्याने आमेन म्हटलं. मला इतका अभिमान वाटला, की महिनाभराचा राग उतरला.

मग घरी जेवणं झाली. धाकली पहाटेपासून चुलीपुढे होती, तिला चर्चला यायला जमलं नव्हतं. पंगती उठल्या, माणसं पांगली. योगिता आणि मी खुर्च्या रचत होतो. सुकी मागच्या दारी गेली, हंड्यांच्या ढिगात बसलेल्या धाकलीच्या हातातली घासणी घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "चल."

मी विचारलं, "कुठे?"

"घरी."

मला वाटलं, चार दिवसांसाठी. म्हटलं, अगं, आज नको, सगळं घर पडलंय. सुकी म्हणाली, "चार दिस नाय बाय. तिला न्यायाला आलो आमी. लहान्याच्या घरची थांबलीत."

कुणी न सांगता, न विचारता! ज्या बाईसाठी मी जिवाचं रान केलं, ती माझ्याच अंगणात माझ्याशी अशी बोलते? मी धाकलीला विचारलं, "तुला इथे काय कमी आहे?" ती म्हणाली, "काय कमी नाय बाय." मग बरोबर आहे की! मी सुकीला म्हटलं, बघ, ती स्वतःच सांगतेय. तर सुकी माझ्याकडे बघून म्हणाली, "मी बी तसाच सांगलेला, शेठसमोर."

कुणाशी तुलना करतेस, असं मी ओरडले. आवाज फार चढला, आतून सासूबाई धाकलीला हाका मारायला लागल्या. मग मी स्वतःला आवरलं. मी काही हट्टी बाई नाही. शांतपणे म्हटलं, "हे बघा, जायचं तर जा. मी अडवणारी कोण? पण म्हातारीला वाऱ्यावर टाकून कसं चालेल? दुसरी बाई मिळेपर्यंत पोशीला ठेवून जा इथे. एक माणूस तरी ठेवा."

योगिताच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. पोशी बिचारी खरंच खाली बसायला लागली होती, पदर खोचून, हंड्यांकडे हात करून. सुकीने तिचा दंड धरून तिला उभं केलं. आणि हसली. मोठ्याने नाही, पण हसली. मग निळी साडी तिथेच अंगणात सोडून घडी केली, आपलं जुनं लुगडं नेसली, आणि तिघी निघाल्या.

धाकली फाटकातून परत आली. मला वाटलं, पश्चात्ताप झाला. ती आत जाऊन सासूबाईंच्या पाया पडली, त्यांच्या गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते मला दाखवलं आणि गेली. माझ्या पाया पडली नाही.

काय चुकीचं मागितलं मी? चार दिवसांची सोय मागितली. कृतघ्न आहेत सगळे.

सोमवार, २१ एप्रिल

तिच्या कोपऱ्यात मी दिलेलं सगळं तसंच आहे. ड्रेस, चपला, नाताळचा स्वेटर. काही नेलं नाही. तेवढा ताठा! तिच्या नावाने बाजूला ठेवलेलं आहे ते मी देणारच आहे, कुणी मागितलं नाही म्हणून काय झालं. देईन, वेळ आली की.

सासूबाई जेवत नाहीत. टँकर आला आणि गेला, मला कळलंच नाही कधी येतो ते.

बुधवार, २३ एप्रिल

योगिता फोन उचलत नाही. तिसऱ्यांदा केला तेव्हा उचलला आणि म्हणाली, "बाई, वांगणीचा वर्ग मी घेईन. तुम्ही घरचं बघा." मी म्हटलं, प्रश्न मी लिहिलेत, वर्ग मीच घेणार. तू मला शिकवू नकोस. ती बरं म्हणाली, पण बरं असं म्हणाली की बोचलं.

गुरुवार, २४ एप्रिल

उद्या वांगणीला वर्ग आहे. मी जाणार. सकाळी सासूबाईंचं अंग पुसताना मी मोठ्याने सराव करत होते, शाळेत करायचे तसा. हल्ली त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, निम्मा वेळ मला त्या धाकलीच समजतात. म्हणून मी मोकळेपणाने बोलत होते.

"मनात आलं तर काम सोडून जाता येतं का?" मी म्हटलं.

सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "कुठली जाती बया. नीता सोडंल तर ना."

माझा हात थांबला. म्हटलं, झोपेत बोलत असतील. दुसरा प्रश्न म्हटला, "दुसऱ्या कुणाकडे कामाला जाता येतं का?" तर म्हणाल्या, "मग माझं कोण करणार?"

मला भयंकर राग आला. नव्वदीच्या म्हातारीचं काय मनावर घ्यायचं, पण आला. फडकं पिळून तिसरा प्रश्न मुद्दाम ठासून म्हटला, मजुरी तुझ्याच हातात मिळते का? त्यांनी माझा ओला हात चाचपडत धरला, पालथा केला, तळवा बघितला आणि म्हणाल्या, "काहीच नाही गं तुझ्या हातात, धाकले."

मी हात सोडवून घेतला. बादली उचलली, मोरीत ओतली, पुन्हा भरायला गेले तर पिंपात पाणी नव्हतं. चौथा, फेडीचा प्रश्न मी म्हटला नाही.